पाण्याने तपासावे की हवेने?

सायकलची ट्यूब पंक्चर झाली की दुकानदार काय करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तो ट्यूबमध्ये हवा भरतो, घमेल्यातल्या पाण्यात ती थोडी थोडी बुडवत फिरवतो आणि बुडबुडे येतील तिथे खूण करतो. घरात नळाची नवी जोडणी झाली की प्लंबर मात्र पाणी सोडतो आणि सांध्यांवरून हात फिरवून ते कोरडे आहेत का ते पाहतो. दोघांचा प्रश्न एकच : गळते आहे का, आणि कोठून? एकाने हवा वापरली, दुसऱ्याने पाणी. ही निवड केवळ सोयीची आहे, की तिच्यामागे काही विज्ञान आहे?

हा प्रश्न आमच्यासमोर काही वर्षांपूर्वी अगदी अनपेक्षितपणे उभा राहिला. आमच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, काही नाजूक मापन-उपकरणे आणि संगणकांची एक खोली आहे. तिथे आग विझवणारी स्प्रिंकलर यंत्रणा बसवायचे ठरले, तेव्हा ही सारी उपकरणे आधीच जागेवर होती. छताखालून लाल पाइप फिरले, सांधे जोडून झाले आणि चाचणीचा दिवस ठरला. पाइपांत पाणी भरायचे, त्यावर १४ किलोचा दाब चढवायचा आणि तो दोन तास टिकतो का हे पाहायचे, अशी ही चाचणी होती.

फिटर मंडळींच्या भाषेत ‘१४ किलो’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोग्रॅम वजनाइतके बल. विज्ञानाच्या पुस्तकातल्या भाषेत हा दाब सुमारे १४ बार होतो. १ बार म्हणजे जवळजवळ आपल्याभोवतीच्या वातावरणाचा दाब. १४० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या तळाशी जेवढा दाब असेल, तेवढा हा दाब झाला. एखादा सांधा कच्चा असेल तर सूक्ष्मदर्शकावर काय बरसेल, या कल्पनेनेच आमची झोप उडाली होती.

तेव्हा कंत्राटदाराच्या देखरेख करणाऱ्या माणसाने एक तोडगा सुचवला. “साहेब, पाणी कशाला? कंप्रेसर लावतो आणि हवेनेच चौदा किलो चढवतो. गळली तर हवाच गळेल, मशीन कोरडीच्या कोरडी!” आम्हा सगळ्यांना हे एकदम पटले. आमच्यापैकी निम्म्या लोकांच्या नावामागे डॉक्टर होते. फक्त आमच्या वर्कशॉपमधले वयस्कर फोरमन मान हलवेनात. “चौदा किलो हवेखाली मी शिडीवर माणूस चढवणार नाही,” एवढेच ते म्हणाले. का, ते त्यांना सूत्रात सांगता आले नाही. म्हणून मग आम्हीच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या कागदावर जे आकडे आले, ते या लेखात मांडत आहोत.

स्प्रिंकलर कसे काम करतो?

स्प्रिंकलर म्हटले की आपल्याकडे शेतातले तुषार सिंचन आठवते. इमारतीतला स्प्रिंकलर दिसायला त्याचाच लहान भाऊ आहे, पण त्याचे तोंड एरवी बंद असते. ते बंद ठेवते एक काचेची छोटी कुपी. कुपीत रंगीत द्रव असतो आणि हवेचा एक लहानसा बुडबुडा. आगीमुळे छताजवळची हवा तापली की द्रव प्रसरण पावतो आणि बुडबुडा आक्रसत जातो. बुडबुडा संपला की द्रवाला पसरायला जागाच उरत नाही. द्रव दबत नसल्यामुळे आतला दाब झपाट्याने वाढतो आणि काच फुटते. लाल द्रवाची कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळ्या द्रवाची ७९ अंशांना, तर हिरव्या द्रवाची ९३ अंशांना.

चित्रपटांत एका काडीच्या धुराने साऱ्या इमारतीतले स्प्रिंकलर एकदम सुरू होतात. प्रत्यक्षात जिची कुपी फुटली तेवढीच तोटी उघडते, बाकीच्या बंदच राहतात. तोटीतून पडणारे पाणी आग विझवते ते मुख्यतः उष्णता शोषून. १ किलोग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो. तो आगीकडूनच घेतला जातो.

अमेरिकेत न्यू हेवन येथे हेन्री पार्मली याने १८७४ साली अशी स्वयंचलित यंत्रणा बसवली, ती त्याच्या पियानोच्या कारखान्यात. पियानो हेही पाण्याला भिणारे नाजूक यंत्रच. म्हणजे आमची अडचण स्प्रिंकलरइतकीच जुनी आहे!

दाब तोच, ऊर्जा वेगळी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, मजल्यावरच्या सर्व पाइपांत मिळून १००० लिटर जागा आहे. ती पाण्याने काठोकाठ भरली आणि पंपाने दाब १४ बारवर नेला. यासाठी किती जादा पाणी कोंबावे लागेल? पाण्याचे आकारमान १ टक्क्याने कमी करायला सुमारे २२० बार दाब लागतो. त्यामुळे १४ बार दाबाला १००० लिटर पाणी जेमतेम ०.६४ लिटरने आक्रसते. पाइपही किंचित ताणला जातो. तो धरूनही लागणारे जादा पाणी एका लिटरच्या आतच असते.

ऊर्जा म्हणजे दाब गुणिले आकारमानातला बदल. इथे दाब शून्यापासून १४ बारपर्यंत वाढत जातो, म्हणून त्याची सरासरी ७ बार घ्यायची. उत्तर येते सुमारे ४५० ज्यूल. पाइपाच्या ताणाची भर घातली तर साधारण ५५०. ५० किलोचे गव्हाचे पोते जमिनीवरून एक मीटर उचलायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते.

आता त्याच पाइपांत हवा भरू. बॉइलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. दाबमापकावर १४ बार म्हणजे वातावरणाचा १ बार मिळवून एकूण १५ बार. बाहेरच्या हवेच्या भाषेत ही १५ हजार लिटर हवा झाली. पाइपांत आधीची १ हजार लिटर होतीच, म्हणजे आणखी १४ हजार लिटर कोंबावी लागली. ही सगळी हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी संधीची वाट पाहत बसलेली असते. ती एकाएकी सुटली, उष्णतेची देवाणघेवाण व्हायलाही वेळ मिळाला नाही असे धरले, तर बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे २० लाख ज्यूल येते. दहा टनांचा भरलेला ट्रक ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जाही तेवढीच असते.

एकीकडे गव्हाचे पोते, दुसरीकडे धावता ट्रक! दाबमापकाचा काटा मात्र दोन्ही वेळा १४ वरच. फरक जवळजवळ चार हजार पटींचा.

पाण्याने भरलेला पाइप चिरला तर एक पिचकारी उडते. अर्धा-पाऊण लिटर पाणी बाहेर पडले की दाब संपतो. त्यानंतर पाणी गळते ते केवळ उताराने. हवेच्या बाबतीत थोडी हवा निसटल्याने दाब फारसा उतरत नाही. हवा पसरत राहते, ढकलत राहते, आणि सुटलेले टोपण किंवा पाइपाचा तुकडा गोळीसारखा फेकते. सगळी ऊर्जा त्या तुकड्याच्या वाट्याला येत नाही हे खरे. पण शिडीवरच्या माणसाला तिचा हजारावा भागही पुरेसा आहे. फोरमनना सूत्राशिवाय कळले होते ते हेच.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. पाण्याची चाचणी घेतानाही पाइपांच्या उंच टोकांतून हवा पूर्ण काढून टाकावी लागते. १४ बारखाली दबलेली १ लिटर हवा जरी कोपऱ्यात राहिली, तरी तिच्यात सुमारे २००० ज्यूल ऊर्जा साठते. हजार लिटर पाण्यात मिळून जेवढी असते तिच्या चौपट!

एक चमचा पाणी

पाण्याच्या न दबण्याचा दुसरा फायदा आहे तो अचूकपणाचा. आपल्या १००० लिटरच्या पाइपांतून फक्त ५ मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचाभर पाणी गळले, तरी दाब सुमारे ०.१ बारने उतरतो. हवेचा दाब तेवढाच उतरायला बाहेरच्या दाबाला मोजलेली १०० लिटर हवा गळावी लागते.

अर्थात इतका हळवा काटा तापमानालाही हळवा असतो. पूर्ण भरलेल्या बंद पाइपातले पाणी केवळ १ अंशाने तापले, तरी पाण्याचे प्रसरण लोखंडापेक्षा जास्त असल्याने दाब सुमारे ४ बारने वाढू शकतो. काचेच्या कुपीत जे घडते तेच इथे घडते. म्हणून भरलेले पाणी पाइपाच्या तापमानाला स्थिरावू द्यायचे, मगच वेळ मोजायला सुरुवात करायची.

मग हवा बादच का?

नाही. हवा वापरायची, पण कमी दाबाने. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या १३ क्रमांकाच्या मानकात ज्या पाइपांत एरवी पाणी नसते, अशांसाठी दोन्ही चाचण्या सांगितल्या आहेत. एक, पाण्याने सुमारे १४ बार, दोन तास. दुसरी, हवेने सुमारे २.८ बार, चोवीस तास. दुसऱ्या चाचणीत दाब ०.१ बारपेक्षा जास्त उतरता कामा नये. आपल्याकडेही स्प्रिंकलर यंत्रणेसाठी २००२ सालचे १५१०५ क्रमांकाचे भारतीय मानक आहे.

२.८ बारला आपल्या पाइपांत सुमारे ३ लाख ज्यूल साठतात. १४ बारच्या मानाने हे सातवा हिस्सा आहे, पण क्षुल्लक नाही. म्हणून या चाचणीतही दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि दाब चढत असताना खाली कोणाला उभे राहू देत नाहीत. दाब स्थिर झाल्यावर सांध्यांना साबणाचे पाणी लावतात आणि फेस कोठे येतो ते पाहतात. हेच ते पंक्चरवाल्याचे घमेले!

आम्हीही आधी हवेचीच चाचणी घेतली. पहिल्या दिवशी साबणाच्या फेसाने दोन कच्चे सांधे दाखवले. ते दुरुस्त करून दुपारी तीन वाजता पुन्हा २.८ बार दाब दिला. पहाटे पाहतो तो काटा ०.११ बारने खाली! पुन्हा सगळे सांधे साबणाने धुऊन काढले, एकही बुडबुडा दिसेना. कंत्राटदाराचा माणूस हताश झाला, आम्ही चिडलो. शेवटी एकाच्या लक्षात आले की दिवस डिसेंबरचे आहेत आणि हे पाइप थेट गच्चीच्या स्लॅबखालून गेलेले आहेत.

हिशेब सोपा आहे. दुपारी स्लॅबखाली २८ अंश सेल्सिअस होते, म्हणजे निरपेक्ष मापाने ३०१ अंश. पहाटे १९. आकारमान तेच असताना वायूचा एकूण दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. एकूण दाब ३.८ बार होता. त्याचा ३०१ पैकी ९ वा भाग काढला तर ०.११ बार येतो. एकही भोक नसताना पाइप नापास होत होता! दुपारी तीनला, तापमान पुन्हा २८ अंशांवर आल्यावर, काटा जवळजवळ मूळ जागी होता.

याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे. कोणी पहाटे दाब देऊन दुपारी मोजला असता, तर वाढत्या तापमानाने खरी गळतीही झाकली असती. चोवीस तासांच्या नियमामागचा एक फायदा असा, की मोजमाप दिवसाच्या त्याच वेळी होते. तरीही दाबाशेजारी तापमानाची नोंद ठेवावीच.

पाण्याचा दिवस

हवेची चाचणी पार पडली म्हणून पाण्याची टाळता येत नाही. २.८ बारला न गळणारा सांधा १४ बारला टिकेलच असे नाही. गळती शोधणे वेगळे आणि ताकद तपासणे वेगळे. ताकद तपासायची तर ती पाण्यानेच, कारण सांधा हरलाच तर नुकसान कमी.

नवी इमारत असेल तर उत्तर अगदी साधे आहे : उपकरणे येण्यापूर्वी चाचणी उरकून घ्या. आमची ती संधी गेली होती. म्हणून पाइपांचे चार भाग पाडून एका वेळी एकच भाग भरला. त्यामुळे सांधा सुटला तरी गळू शकणारे पाणी चौथा हिस्साच राहिले. उपकरणांचा वीजपुरवठा तोडला आणि त्यांवर प्लास्टिक अंथरले. शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक आहे, पण पाइपातले पहिले पाणी गंजाने आणि आटे पाडताना वापरलेल्या तेलाने काळे असते. क्षारांमुळे त्यातून वीज वाहते. शिवाय वीज चालू असलेल्या परिपथावर असे पाणी पडले की शॉर्टसर्किट होतेच आणि विद्युत्-अपघटनाने तांबे झिजू लागते. वीज बंद असताना भिजलेले उपकरण धुऊन, वाळवून पुष्कळदा वाचते. म्हणून वीज तोडणे हे प्लास्टिकपेक्षाही महत्त्वाचे. पाणी काढून देणारी नळी बागेत सोडली आणि तिच्या व्हॉल्व्हपाशी एक माणूस दोन तास बसवून ठेवला.

तीन भाग निर्विघ्न पार पडले. चौथ्या भागात सव्वा तासाने काटा हळूच हलला. हवेच्या चाचणीत एकही बुडबुडा न दिलेल्या एका सांध्यातून थेंब ठिबकू लागला होता. खाली सूक्ष्मदर्शक होता, प्लास्टिकखाली. व्हॉल्व्ह उघडला, दोन मिनिटांत तो भाग रिकामा झाला. प्लास्टिकवर जमलेले पाणी एका वाटीतही मावले असते. तोच सांधा १४ बार हवेखाली सुटला असता तर काय झाले असते, याची चर्चा मग कोणी केली नाही.

अशा जागी पाइप सहसा कोरडेच ठेवतात. त्यांत कमी दाबाची हवा असते आणि धूर किंवा उष्णता ओळखणाऱ्या यंत्राने इशारा दिला तरच मुख्य व्हॉल्व्ह उघडून पाणी आत येते. धक्क्याने एखादी कुपी फुटली तरी खोली भिजत नाही. पण चाचणीचे पाणी पाइपाच्या खोलगट भागात साचून राहिले, तर तेच पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पाइप आतून गंजवतात आणि काही वर्षांनी टाचणीएवढी भोके पडतात. म्हणून पाइपांना उतार देतात, चाचणीनंतर ते नीट निचरून वाळवतात आणि अनेक ठिकाणी हवेऐवजी नायट्रोजन भरतात.

एवढा खटाटोप कशाला?

पाण्याची इतकी भीती असेल तर स्प्रिंकलर नकोतच, असे कोणी म्हणेल. पण आग आणि धूर पाण्यापेक्षा निर्दय असतात. केबलींवरचे पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलाव्यात त्याचे आम्ल होऊन दूरच्या खोलीतले परिपथही खाते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे एक मोठे संगणक-केंद्र जळून खाक झाले आणि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. तिथे आग विझवणारी स्वयंचलित यंत्रणा नव्हती. दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी संगणक-केंद्रात सप्टेंबर २०२५ मध्ये लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा ठप्प झाल्या.

पाण्याऐवजी वायूने आग विझवणाऱ्या यंत्रणाही आहेत. पण चाचणीचा धोका तिथेही सुटत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रुमानियातील बुखारेस्ट येथे एका बँकेच्या संगणक-केंद्रात अशा यंत्रणेची चाचणी घेताना वायू इतक्या मोठ्या आवाजाने सुटला, की त्या कंपनांनीच संगणकांच्या हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास अडले. दाबलेल्या वायूत किती ऊर्जा साठते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

वर्गात करून पाहा

सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या दोन पिचकाऱ्या घ्या. एकीत हवा आणि दुसरीत बुडबुडा न राहू देता पाणी भरा. तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या दाबा. हवा निम्म्यापर्यंत सहज दबते आणि दट्ट्या सोडताच परत उसळतो. पाणी दबतही नाही, उसळतही नाही. आता पाण्याच्या पिचकारीत १ मिलिलिटर हवेचा बुडबुडा राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्याला पुन्हा उसळी येते. ती फक्त त्या बुडबुड्यामुळे येते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. बाटल्यांत किंवा डब्यांत पंपाने हवा भरण्याचे प्रयोग मात्र वर्गात कटाक्षाने टाळावेत. कारण आता आपल्याला माहीत आहे.

दाबमापकाचा काटा फक्त दाब सांगतो, साठलेली ऊर्जा सांगत नाही. हा फरक आमच्या वर्कशॉपच्या फोरमननी हाताने काम करता करता जाणला होता. आम्हाला तो कागदावर मांडल्यावर दिसला. आपल्या विद्यार्थ्यांना तो पिचकारीच्या दट्ट्यावर बोट ठेवल्याबरोबर कळू शकेल.